बॅटरीला जपणारे आमचे हे

ती. ताई,

नमस्कार. भाऊजींना नमस्कार, आणि त्यांच्या गुडघ्यांची वेगळी विचारपूस. इकडे मी बरी आहे, हे बरे आहेत आणि बॅटरी आम्हा दोघांपेक्षा बरी आहे.

भाऊजींच्या विजेवरच्या सायकलीला बॅटरी कोणती घ्यावी, असं तू विचारलंस, म्हणून माझ्या सायकलीला बॅटरी घेतली त्याचीच कथा सांगते. दुकानदाराने सगळ्यांत मोठी पुढे केली. एकदा चार्ज केली की पलीकडच्या गावाला जाऊन परत या, म्हणाला. पण पलीकडच्या गावात मला कोण विचारतंय? मी नर्स, बाळंतिणींच्या घरी जायचं, बाळाचं वजन करायचं आणि परतायचं. मग ह्यांनी (जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली, आता निवृत्त, त्यामुळे तपासायला घरात मीच उरले होते) माझा बाळांचा वजनकाटा दुकानात नेला आणि एकेक बॅटरी त्यात निजवून पाहिली. शेवटी मधली घेतली, कारण ती रोज काढून तीन जिने वर आणायची होती. निवड चोख होती, हे कबूल करायला हवं. रोजच्या फिरण्याला पुरून थोडी उरावी, उचलताना पाठ मोडू नये आणि चार्जर तिच्याच घराण्यातला असावा. बाकी सगळा दुकानदाराचा बोलघेवडेपणा.

मग बॅटरीचं बाळंतपण सुरू झालं. तिला ऊन लागू द्यायचं नाही, गारठा लागू द्यायचा नाही. बाहेरून आल्याआल्या चार्जिंगला लावायची नाही, आधी तिला जरा निवू द्यायची. (मी आल्याआल्या ओट्याशी उभी राहिलेली चालते.) आपण झोपलेलो असताना चार्जिंग बंद. शिवाय कॅरिअरखालच्या तिच्या जागेला ह्यांनी रजईच्या कापडाचं आवरण शिवलं. संध्याकाळी हे तिला वर आणतात, सकाळी खाली नेऊन बसवतात.

गेल्या आठवड्यात ती वर आल्यावर रिकाम्या आवरणाचा आकार बिघडू नये म्हणून ह्यांनी त्यात आपला जुना स्वेटर कोंबला. मला सांगितलं नाही. सकाळी निरोप आला, एका बाळंतिणीला ताप चढलाय. हे अंघोळीला गेलेले. मी आवरण चाचपलं, भरलेलं लागलं, निघाले. बटण दाबलं तर दिवा लागेना. थांबायला वेळ नव्हता. निम्मा चढ पायडल मारत गेले, निम्मा सायकल ढकलत. बाळंतिणीचा ताप उतरणीला लागला होता; माझाच मोजायची वेळ आली होती.

परतताना तडक दुकान गाठलं आणि चार गिऱ्हाइकांसमोर दुकानदाराच्या बॅटरीची सात पिढ्यांपर्यंत चौकशी केली. त्याने सगळं ऐकून घेतलं, आवरण उघडलं आणि बाहीला धरून स्वेटर बाहेर ओढला.

"बाई," तो म्हणाला, "ह्याला गॅरंटी नाही."

घरी आले तेव्हा हे जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले होते. बॅटरी छातीशी, पायांत दोन जोड्यांतल्या दोन चपला. सकाळी माझ्यामागे चौकापर्यंत धावले होते म्हणे, आणि मी दिसते का बघायला नुकतेच पुन्हा धावून आले होते. मी तोंडाचा पट्टा सोडणार होते, पण ह्यांना अजून धाप लागलेली दिसली. शेजारी बसून नाडी पाहिली.

"चढ होता गं तो," हे म्हणाले. "तू कशी गेलीस?"

आता ह्यावर कसं भांडायचं, तूच सांग.

तुझी,
धाकटी

ता. क. : पत्राचं खरं कारण आता लिहिते. भाऊजींची बॅटरी निवडायला ह्यांनाच बोलावून घे. महिनाभर ठेवून घेतलंस तरी माझी हरकत नाही. मी सुचवलं, हे कळू देऊ नकोस.

ता. क. २ : पत्र टाकायला ह्यांच्याकडेच द्यावं लागलं, आणि उघडं पत्र न वाचणं ह्यांच्या स्वभावात नाही. म्हणाले, जाऊ की, पण दोघं जाऊ. मी म्हटलं, मग बॅटरीकडे कोण बघणार? तर म्हणाले, "ती निम्मी भरून सावलीत ठेवली की महिनाभर कुणी नसलं तरी चालतं. तुला तसं ठेवून जाता येत नाही." मी रजा टाकली आहे. दोघांची सोय कर.