आईच्या गुडघ्यावरचे डाग

जालना, ५ फेब्रुवारी २००४

चि. सौ. गोपिकास राधाकिसनदादाचे अनेक आशीर्वाद.

घाईत लिहितोय. आईला काल इथल्या दवाखान्यात दाखल केलं. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यात बसवलेल्या कृत्रिम सांध्यात पू झालाय! डॉक्टर म्हणतात, जखम ताजी असेल तर आतून धुऊन भागेल. जुनी असेल तर सांधाच काढावा लागेल, नाहीतर पाय जाईल. गुडघ्यावर काळे डाग आहेत. आई म्हणते, आठ दिवसांपूर्वी गरम पाण्याची पिशवी फुटली. डॉक्टरांना ते पटत नाही, मलाही नाही. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत ती तुझ्याकडं होती. तिथं काय झालं? कुणी हयगय केली असेल तर मी गय करणार नाही. सोमवारी ऑपरेशन आहे. तुमच्या गावच्या बद्रीनाथच्या हाती पत्र देतोय, उत्तर त्याच्याच हाती दे.

घाबरलेल्या भावावर माया असू दे.

तुझा दादा

धावडा, ६ फेब्रुवारी

ती. दादास शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र वाचलं अन् लगेच लिहायला बसले. दादा, मी बिब्बा घातला. थंडीत आईचा गुडघा लई ठणकून राह्यला होता. आजीलाही घालायचे, म्हणून मीच बिब्बा तापवून सुईनं चटके दिले. आत लोखंडाचा सांधा, त्याला काय होतंय, असं वाटलं. पण बिब्बा उतला, फोड फुटले, महिनाभर पाणी गळत होतं. मी हळद भरत राहिले. ही मार्गशीर्षातली गोष्ट, आठ दिवसांची बिलकुल न्हाई. तुला सांगू नको म्हणून आईनं शपथ घातल्ती. डॉक्टरांना सगळं बराबर सांग, मंग मला काय बोलायचं ते बोल.

बहीण म्हणून टाकू नको, एवढंच मागणं.

गोपिका

जालना, ११ फेब्रुवारी

चि. सौ. गोपिकास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र डॉक्टरांना वाचून दाखवलं. नुसतं धुण्याचा बेत त्यांनी तिथंच सोडला. सोमवारी जुना सांधा काढून आत औषधाचं सिमेंट भरलंय. दीड-दोन महिन्यांनी रक्त साफ आलं, तर नवा सांधा बसवतील. आणखी पंधरा दिवस गेले असते तर पाय मांडीतून कापावा लागला असता, असं ते म्हणाले.

तुला चांगलंच झापायचं ठरवलं होतं. पण काल आईला विचारलं, की पाय जाईल हे ऐकूनही खोटं का बोललीस. ती म्हणाली, की गोपीचं नाव निघालं असतं तर तू तिला दारात उभं केलं नसतंस. पाय गेला तरी चाललं असतं, लेकीचं माहेर जायला नको होतं.

गोपे, आईला पाय कापायची भीती वाटली नाही, माझी वाटली. पहिल्या बसनं ये. मी दारातच उभा आहे.

तुझा दादा