सोबत एक माणूस आणावा

३ सप्टेंबर, मंगळवार
निर्णय झाला. नेमबाजी. आजपासून मी नेमबाज आहे. फक्त पिस्तूल घ्यायचं बाकी आहे.

फायदे: डोळ्यांना व्यायाम, मनाला शिस्त. काउंटीच्या क्लबात दर गुरुवारी संध्याकाळी पिस्तुलांची लीग असते. खेळ संपला की सगळे मिळून डायनरमध्ये चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा तिखट रस्सा, खायला जातात म्हणे. त्याच्याशी मला काही देणंघेणं नाही, नोंद म्हणून लिहिलं.

मार्लीन फ्लोरिडाहून परत येईल तेव्हा टीव्हीवर एक कप चमकत असेल. मार्लीन म्हणजे बायको, मागच्या वसंतात बहिणीकडे गेली, गुडघ्यासाठी. तिकडची हवा गुडघ्याला मानवते.

बजेट तीनशे डॉलर. एक पैसा जास्त नाही.

५ सप्टेंबर, रात्री
जेवण झाल्यापासून व्हिडिओ बघतोय. एक दाढीवाला म्हणतो, नाइन मिलिमीटरच्या गोळीखालच्या पिस्तुलाला पुरुषाने हात लावू नये. दुसरा दाढीवाला म्हणतो, पहिला मूर्ख आहे. दोघांचंही पटलं. नाइन मिलिमीटर पक्कं.

या काउंटीत साठी उलटूनही कधी बंदूक न घेतलेला बहुधा मी एकटाच. वडिलांची शॉटगन होती, ती विकून मी गवत कापायचं मशीन घेतलं. मशीन अजून चालतं. इथे माणसाने पिस्तूल घेतलं म्हणजे टोस्टर घेतल्यासारखं आहे, कोणी वळूनही बघत नाही.

७ सप्टेंबर, शनिवार
उभं राहायची पद्धत घोटून घेतली. पाय खांद्याइतके फाकलेले, दोन्ही हात समोर, श्वास अर्धा सोडलेला. पिस्तूल नसल्यामुळे मार्लीनचा हेअर ड्रायर घेतला. मूठ अगदी तशीच. आरशासमोर उभा राहून स्वतःच्या कपाळावर नेम धरला, हात कापतो का ते कळतं. थोडा कापतो. कॉफी कमी करणे.

ड्रायर ती इथेच ठेवून गेली आहे. कायमची जाणारी बाई ड्रायर ठेवून जात नाही. हे मी टॉडलाही फोनवर सांगितलं आहे. टॉड म्हणजे मुलगा, डेन्व्हरला असतो, कामात असतो.

शेजारचा कर्ट त्याच्या अंगणात गवत कापत होता. खिडकीतून मी दिसलो असणार, कारण त्याने मशीन बंद केलं आणि बघत राहिला. मी ड्रायर हलवून नमस्कार केला. तो घरात गेला. हेवा वाटणं साहजिक आहे.

१२ सप्टेंबर, गुरुवार
दुकानात गेलो. मालकीण नडीन, माझ्याच वयाची, चष्मा साखळीने गळ्यात. तिला नाइन मिलिमीटरबद्दल सगळं समजावून सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, कोणाबरोबर खेळणार? म्हटलं, बघू, मागणी भरपूर आहे.

तिचं म्हणणं, कागदावर भोकं पाडायला तोफ कशाला. पॉइंट ट्वेंटी-टू घ्या, वापरलेलं चालेल. हाताला धक्का कमी बसतो, गोळ्या स्वस्त, आणि लीगमध्ये सगळे तेच वापरतात. पिस्तूल एकदाच घ्यायचं असतं, गोळ्या दर आठवड्याला लागतात.

मलाही तेच म्हणायचं होतं.

दुकानाच्या मागेच क्लबाची नेमबाजीची रेंज आहे, लीगही तिथेच होते. आधी भाड्याने घेऊन बघावं, मग विकत, असं ठरवलं. तर काउंटरवर पाटी: पिस्तूल भाड्याने घेणाऱ्याने सोबत एक माणूस आणावा. एकट्याला मिळणार नाही.

नडीन म्हणाली, "बरोबर कोण आहे?"

म्हटलं, गाडी लावतोय. थोडा वेळ काचेच्या कपाटातली पिस्तुलं बघितली. मग घरी आलो.

रेंजचं दुसरं तिकीट खपवायची युक्ती आहे ही. पण हुशार आहे, मानलं पाहिजे.

१९ सप्टेंबर, गुरुवार
माणूस मिळवणे. सोपं काम.

कर्टला विचारलं. नातवाचा फुटबॉलचा सीझन आहे, तो संपेपर्यंत शक्य नाही म्हणाला. सीझन नोव्हेंबरपर्यंत. बोलताना माझ्याकडे जरा निरखून बघत होता. नेमबाजाचा ताठपणा अंगात यायला लागला असावा.

फ्रिजच्या कारखान्यात आम्ही एकत्र होतो त्या गेरीला फोन केला. हरणांची शिकार आटोपली की फोन करतो म्हणाला. शिकार डिसेंबरात. गेरी शब्दाचा पक्का आहे.

तोवर अभ्यास. उतावीळपणे घेतलेलं पिस्तूल म्हणजे वाया गेलेले पैसे.

१० ऑक्टोबर, गुरुवार
दुकानात गेलो. नडीनने विचारलं, बरोबर कोण आहे? म्हटलं, ऐन वेळी सर्दी झाली त्याला. तिने कॉफी दिली. मी कॉफी सोडली आहे, पण दुकानातली धरायची नाही असं ठरवलं. वापरलेल्या चार पिस्तुलांतून एक काळं, लांब नळीचं आवडलं. हातात चांगलं बसतं, ड्रायरपेक्षा हलकं.

निघताना पाच माणसं रेंजमधून हसत बाहेर आली. लीग. चिलीला चालली होती. एकाने माझ्यासाठी दार धरलं. मी आत जात नव्हतो, बाहेर पडलो होतो, पण त्याने धरलं होतं म्हणून परत आत गेलो. मग ते गेल्यावर बाहेर आलो.

२४ ऑक्टोबर, गुरुवार
टॉडला फोन केला. विचारलं, या बाजूला येणार असशील तर एक तास रेंजवर येशील का. का ते सांगितलं. पलीकडे त्याने टीव्ही बंद केला. मग म्हणाला, डॅड, आत्ताच पिस्तूल कशाला? नीट जेवतोस ना? झोप लागते? त्याला विषयात एवढा रस आहे हे माहीत नव्हतं.

तासाभरात मार्लीनचा फोन! तिचा, आपणहून. माझ्या नव्या छंदाची बातमी तिकडे पोचली होती. आवाज मऊ. विचारलं, घरात दिवसभर काय करतोस? मी भूमिका सविस्तर सांगितली. सांगितलं की तिच्या ड्रायरवर सराव करतो. ती म्हणाली, तो टाकून दे, मी इथे नवीन घेतला.

फ्लोरिडाच्या दमट हवेला वेगळा ड्रायर लागत असणार.

३ नोव्हेंबर, रविवार
विलक्षण आठवडा. टॉड रोज फोन करतो. रोज! मार्लीन एक दिवसाआड. चर्चचे पास्टर सहज म्हणून आले आणि दोन तास बसले. कर्टची बायको बेव्ह भाज्यांचं सूप देऊन गेली, कर्टने न विचारता माझ्या अंगणातली पानं गोळा केली. पिस्तूल अजून घेतलंही नाही, आणि हा मान. घेतल्यावर काय होईल?

मार्लीनने ख्रिसमसच्या आधीचं तिकीट काढलं आहे. टॉडही येतो म्हणतो. घरात तीन माणसं. पडदे धुणे. मोठी खाट खाली आणणे.

७ नोव्हेंबर, गुरुवार
भाड्याचा नाद सोडला. काळं पिस्तूल थेट विकतच घेणार असं नडीनला सांगितलं. तिने चष्मा काढला. बायको कुठे असते, कधीपासून, तिच्याशी बोलणं होतं का, मी बरा आहे ना, सगळं विचारलं. चांगला दुकानदार गिऱ्हाइकाला आधी ओळखून घेतो.

मग म्हणाली, "आज नको, लाइल. पुढच्या गुरुवारी या. चालेल?"

काहीतरी खास माझ्यासाठी बाजूला ठेवते आहे.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
पुन्हा म्हणाली, पुढच्या गुरुवारी. कॉफी. तिच्या कुत्र्याच्या कानाबद्दल बोललो. बराच वेळ बसलो. कान बरा आहे.

२४ नोव्हेंबर, रविवार
कर्ट आला. फरसबीचा ओव्हनमध्ये भाजलेला कॅसरोल घेऊन, एकटाच. मी दोन ताटल्या काढल्या. त्याने खाल्लं नाही. चमच्याशी खेळत बसला. मग एकदम म्हणाला,

"लाइल, तू स्वतःला काही करून घेणार नाहीस ना?"

मी हसलो. तो हसला नाही. म्हणाला की सप्टेंबरात त्याने मला खिडकीतून पाहिलं. आरशासमोर, हातात पिस्तूल, स्वतःवरच रोखलेलं. बरेच दिवस मनात ठेवून शेवटी त्यानेच टॉडला फोन केला होता. नंतर नडीनलाही.

मी आत जाऊन ड्रायर आणून टेबलावर ठेवला. दोघेही ड्रायरकडे बघत बसलो.

म्हटलं, आणि ती दुकानातली पाटी? ती तर दुसरं तिकीट खपवायला. कर्ट म्हणाला, "एकटा येणारा माणूस कधीकधी कागदावर नेम धरायला आलेला नसतो. म्हणून ती पाटी."

मला हे कधी सुचलंच नव्हतं. खरंच नव्हतं. लोकांना वाटलं हा मरणार आहे, आणि मला वाटलं मी आवडायला लागलो आहे.

रात्री ११
संताप येतोय. मी, लाइल प्रुइट, चांगला धडधाकट माणूस. उद्या सगळ्यांचा गैरसमज दूर करणे. एकेकाला फोन. प्रतिष्ठेचा प्रश्न आहे.

२८ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग
कर्टकडे टर्की खायला गेलो. ड्रायर बरोबर नेला. सगळ्यांसमोर उभं राहायची पद्धत करून दाखवली. बेव्ह डोळे पुसेपर्यंत हसली. कर्टने माझ्या पाठीवर थाप मारली, मोठं ओझं उतरल्यासारखी.

तिथूनच टॉडला फोन, मार्लीनला फोन. म्हटलं, मी उत्तम आहे, भूक लागते, झोप लागते, एकटेपणा वगैरे काही नाही, वेळ कसा जातो कळत नाही. मार्लीन म्हणाली, देवाची कृपा. तिला मोकळं वाटलं हे आवाजावरून कळत होतं. इतकं पटवून मी आयुष्यात काही मांडलं नसेल.

१ डिसेंबर, रविवार
फोन नाही. साहजिक आहे, सुट्टीनंतर सगळे दमलेले असतात.

४ डिसेंबर, बुधवार
मार्लीनचा मेसेज. मी ठीक आहे म्हटल्यावर एवढ्या थंडीत यायचं काही कारण उरलं नाही, तिकीट परत केलं. ख्रिसमसच्या आगाऊ शुभेच्छा.

टॉडचाही. ऑफिसात गडबड आहे. उन्हाळ्यात नक्की.

पडदे धुवून झाले होते.

९ डिसेंबर, सोमवार
शिकारीचा आठवडा संपला. गेरीचा फोन नाही. मी केला. उचलला नाही. बहुधा मांस कापत असेल, हात चिकट असतात.

संध्याकाळी खिडकीत उभा होतो. कर्टने त्याच्या दारातून अंगठा वर केला, मीही केला. त्याने पडदा ओढला. आता बघायची गरज नाही.

टॉडला फोन लावावा आणि म्हणावं की मी ठीक नाही, असं मनात आलं. मोठ्या माणसाला हे शोभत नाही. लावला नाही. पुन्हा मनात आलं. पुन्हा लावला नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार
दुकानात गेलो. नडीन म्हणाली कर्टने सगळं सांगितलं, ड्रायरसकट, आणि हसली. आता तिची हरकत नव्हती. सरकारी तपासणी झाली, नाव स्वच्छ निघालं. तिने काळं पिस्तूल डब्यात घालून काउंटरवर ठेवलं, गोळ्यांचा एक डबा स्वतःकडून. दोनशे नव्वद डॉलर. बजेटच्या आत. सगळं ठरवल्याप्रमाणे.

आतून लीगचे आवाज येत होते. आता स्वतःचं पिस्तूल असल्यावर सोबत कोणी लागत नाही. एकट्याने आत जायचं, एकट्याने भोकं पाडायची, घरी यायचं. पुढच्या गुरुवारी दुकानात यायला कारण उरणार नव्हतं.

म्हटलं, घोडा जरा जड वाटतो.

तो जड नाही, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तिने डबा उघडला, घोडा एकदा दाबून पाहिला, आणि माझ्याकडे बघितलं.

"बरोबर कोण आहे, लाइल?"

इतके दिवस गाडी लावणारे, सर्दी झालेले, पोचतच असलेले सगळे तोंडाशी आले.

म्हटलं, "कोणी नाही."

तिने पिस्तूल परत काचेच्या कपाटात ठेवलं, कुलूप लावलं, आणि काउंटरमागून स्टूल काढून माझ्याकडे सरकवलं. कॉफी ओतली. दुकान बंद होईपर्यंत बसलो.

पिस्तूल घेतलेलं नाही. पुढच्या गुरुवारी पुन्हा बघणार आहे.