पुसलेली चार मिनिटं

सोलापूर,
रविवार, २० एप्रिल २०२५

चि. शिवलीला हिस,
अप्पाचे आशीर्वाद.

तू माझा नंबर ब्लॉक केलास त्याला उद्या दहा आठवडे होतील, म्हणून हे पत्र. कुर्डुवाडीचा पत्ता तुझ्या मावशीकडून घेतला. तिच्यावर रागावू नकोस, तिनं आधी दोनदा नाही म्हटलं होतं.

इकडं ठीक आहे. ऊन चाळीसच्या वर गेलंय. गच्चीवर पाणी मारलं तरी पंख्याखाली गरम वाराच येतो. कुलरचा पंप गेला होता, बदलून घेतला. बीपीची गोळी चालू आहे. शेजारच्या गुरम्माचा गुडघा पुन्हा धरलाय, तरी रोज भिंतीवरून विचारते, "शिवलीला कवा येणार हाय?" मी म्हणतो, कामात आहे.

एवढं लिहिलं आणि ज्यासाठी बसलो ते अजून आलंच नाही. बत्तीस वर्षं सरकारी टिपणी लिहिली की मूळ मुद्दा तिसऱ्या पानावर ढकलायची सवय लागते.

मंगळवारी सारजाबाई आल्या होत्या. अंकिताची आई. दुधनीहून पहिल्या एसटीनं निघाल्या होत्या. खुर्ची दिली तर बसल्या नाहीत, उंबऱ्याशी टेकल्या. मला वाटलं, माफीनाम्याबद्दल बोलायला आल्यात. 'सदर चित्रफीत मी शहानिशा न करता प्रसारित केली' हे वाक्य माझं होतं, तू फक्त सही केलीस, तीही मी खांद्याशी उभा होतो म्हणून. पण त्यांनी माफीनाम्याचं नावही काढलं नाही.

"ताईंकडची ती फिल्लम मिळंल का?" म्हणाल्या. "केससाटी न्हाय. माज्या पोरीचा आवाज हाय त्यात."

मी पंखा वाढवला.

"फोटू एकच हाय, आधार कार्डाचा. त्यात ती माज्या पोरीगत दिसतच न्हाय. गावात समद्यांच्या मोबाईलात हुती फिल्लम. मग सांगत आले की ज्याच्याकडं घावंल त्याच्यावर केस. एका दिसात समद्यांनी काढून टाकली. माज्या दिरानंबी."

मी पाणी आणून दिलं. त्या प्यायल्या आणि मग म्हणाल्या, "ताईंच्या मोबाईलातली त्या हारूननं पुसली म्हनत्यात. खरं हाय का?"

"असं म्हणतात," मी म्हणालो.

शिवलीला, हारूननं काही पुसलं नाही. मी पुसली.

हे वाक्य लिहून मी उठलो, अंगणात जाऊन आलो. आता सगळं ओळीनं लिहितो. त्यातलं बरंच तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूनं माहीत नाही.

जानेवारीत त्या सरकारी वसतिगृहातल्या चौदा मुली जुलाब-उलट्या होऊन तुझ्या वॉर्डात आल्या. तिसऱ्या दिवशी अंकिता गेली. तेरा वर्षांची. वसतिगृहाच्या ऑफिसनं सांगितलं, मुलींनी जत्रेत उघड्यावरचं खाल्लं. तू आदल्या दिवशी तिचं बोलणं मोबाईलवर घेतलं होतंस, आणि वसतिगृहावर जाऊन पिण्याच्या पाण्याची उघडी टाकीही. चार मिनिटांची क्लिप. मुलीचा चेहरा झाकून तू ती टाकलीस. दीड दिवसात तीन लाख लोकांनी पाहिली. मग एका दुपारी तिथं नुसती एक ओळ दिसायला लागली, 'कायदेशीर मागणीमुळे हा मजकूर भारतात उपलब्ध नाही.' संध्याकाळपर्यंत तुझं खातंच बंद. दुसऱ्या दिवशी पेपरात ऑफिसचा खुलासा आला की चित्रफीत बनावट आहे, एआयनं तयार केलेली आहे, अशी कुणी मुलगीच नाही म्हणून चेहरा झाकलाय.

त्या दिवशी तू हसली होतीस. "मूळ क्लिप आहे की माझ्याकडं, अप्पा. चेहऱ्यासकट, तारखेसकट."

मी मात्र घाबरलो होतो. कारण आदल्याच दिवशी रावजी येऊन गेला होता. माझ्या शेजारच्या टेबलावर वीस वर्षं बसलेला माणूस. चहा पिता पिता म्हणाला, "अण्णाराव, साहेब वाईट नाहीत. मूळ क्लिप राहिली नाही तर विषय तिथंच मिटतो. पोरगी माफीनामा देईल, नोकरी राहील. क्लिप राहिली तर मात्र तिला आत टाकल्याशिवाय त्यांना गत्यंतर नाही." कोण साहेब, हे मी विचारलं नाही.

मग तुला नोटीस आली. दुपारी चारला फोन पोलिसांत जमा करायचा. आपलं सगळं कुणीतरी उघडून बघतंय या भीतीनं तू ऑनलाइन साठवणं आणि कुणाला काही पाठवणं आधीच बंद केलं होतंस, म्हणजे क्लिप फक्त त्या फोनात. हारून प्रत काढायला फोन घेऊन गेला, तू वकिलाकडं गेलीस. एक वाजता तो परत आला. म्हणाला, लॅपटॉपला केबल चालत नाही आणि दुकानात कुणी करून देईना, दुसरी केबल आणतो. फोन माझ्या हातात देऊन गेला.

सव्वा वाजता रावजीचा फोन आला. तुझा फोन उघडायचा आकडा मला ठाऊक होता, तुझ्या आईची जन्मतारीख. रावजी माझ्या फोनवरून सांगत होता, मी तुझ्या फोनवर दाबत होतो.

"सापडली का?"

"सापडली."

"मग थांबलात कशाला?"

मी क्लिप बघत होतो. चेहरा न झाकलेली मी तोवर पाहिली नव्हती. ती मुलगी उशीला टेकून बसली होती. म्हणत होती, "पान्याला वास येतोय म्हनून आमी आठ दिस सांगत हुतो. मॅडम म्हनल्या, नाक धरून प्या." मग तुला विचारते, "ताई, हे माज्या आईला दावनार का?" तू हो म्हणतेस. त्यावर ती म्हणते, "मग जरा थांबा, केस नीट करते." आणि सलाइन लावलेल्या हातानं कपाळावरचे केस मागं सारते.

हे बघूनही मी दाबलं.

"झालं?" रावजी म्हणाला. "आता खाली डिलीट केलेल्यांचा वेगळा खण असेल, तिथूनपण काढा. नाहीतर महिनाभर राहतं ते." मी तिथूनही काढलं. "आता निवांत राहा," म्हणाला. बावीस मिनिटांचा कॉल झाला.

तू तीनला आलीस. फोन बघितलास, पुन्हा बघितलास. "फोन कुणाकडं होता अप्पा?"

"हारूनकडं," मी म्हणालो.

तो त्याच्याकडं होता, हे खरंच होतं. पण एवढंच सांगून मी थांबलो, आणि पुढचं सगळं तू स्वतः जुळवलंस. हारून दारात नवी केबल घेऊन उभा होता तेव्हा त्याला तोंडही उघडू न देता तू जे बोललीस ते मी आतून ऐकलं. बाहेर आलो नाही.

आता जे लिहितो ते याहून अवघड आहे. तुमचं दोघांचं काय ठरत होतं ते मला कळत होतं. मी विरोध केला नाही, कारण केला असता तर तू भांडली असतीस आणि जिंकली असतीस. तो तुझ्या मनातून उतरला तेव्हा मला वाईट वाटलं नाही. मला ते सोयीचं वाटलं. म्हणून तीन महिने मी तोंड उघडलं नाही. नोकरी तर गेलीच, माफीनाम्याची प्रत केसमध्ये तुझ्याच विरुद्ध लावली, त्या रागात तू माझा नंबर ब्लॉक केलास, आणि प्रयोगशाळेचा अहवाल आला की फोनात अशी क्लिप आढळत नाही. तरीही उघडलं नाही.

सारजाबाई गेल्या आणि माझं जेवण सुटलं.

गुरुवारी तुझ्या वकीलबाईंकडं गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "काका, हे शपथेवर दिलंत तर पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा तुमच्यावर लागेल. कळतंय ना?"

"कळतंय."

"रावजींचं नाव घालू?"

"घाला. आणि साहेब कोण ते मी विचारलं नाही, तेही घाला."

त्या म्हणाल्या, कॉलची नोंद कंपनीकडून मागवता येईल, आणि नेमका दिवस, वेळ सांगितल्यामुळं फोन दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवा अशी मागणी करता येईल. क्लिप परत मिळेल की नाही हे त्यांनाही सांगता आलं नाही. पण अशी क्लिप होती, मुलगी खरी होती, हे सांगणारा एक साक्षीदार आता आहे. प्रतिज्ञापत्रावर मी सही केली. अंकिताचे शब्द त्यात जसेच्या तसे घातलेत.

शुक्रवारी हारूनकडं गेलो. दार त्याच्या आईनं, सायराबानूंनी उघडलं. तो कामावरून नुकताच आला होता. बस म्हणाला नाही, मीही बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. त्यानं पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "त्या दिवशी दुकानदारानं क्लिप बघितली आणि हात जोडले. 'भाई, मेरेकू नक्को ये लफडा.' मी फोन खिशात घालून परत आलो. तीन महिने स्वतःलाच विचारतोय, खिशात माझ्याच हातानं चुकून काही दाबलं गेलं का."

मी म्हणालो, माझी चूक झाली.

"शिवलीलाला सांगितलंत?"

"अजून नाही."

"मग माझ्याकडं आधी कशाला आलात?" म्हणाला आणि आत गेला. सायराबानूंनी तेवढ्यात पाण्याचा ग्लास आणला होता. तो त्यांनी माझ्या हातात दिला, पण माझ्याकडं बघितलं नाही.

काल दुधनीला जाऊन आलो. सारजाबाई दारात शेंगा निवडत होत्या. मी सांगितलं, हारूननं नाही, मी पुसली. त्या ओरडतील अशी तयारी ठेवून गेलो होतो. त्यांनी विचारलं, "म्हंजे तुमी बघितली हुती? तोंड दिसत हुतं तिचं?"

"हो."

"मग सांगा की. काय काय म्हनली?"

मी सांगितलं. पुन्हा सांगा म्हणाल्या. असं तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा केसांचं सांगताना त्यांनी मला थांबवलं. "मला दावायचं म्हनून केस नीट केले?" मी हो म्हणालो. त्या सूप बाजूला ठेवून आत गेल्या. मी तासभर दारात उभा होतो. त्या बाहेर आल्या नाहीत. मग मी एसटी धरली.

आज सकाळी रावजीचा फोन आला. "वकिलाकडं कशाला गेला होता, अण्णाराव?" मी गुरुवारी गेलो हे त्याला रविवारी माहीत आहे. पुढं म्हणाला, "तुमचं वय झालं. पोरगी कुर्डुवाडीत एकटी राहती. विचार करा." मी फोन ठेवला. म्हणून हे पत्र डब्यात न टाकता उद्या रजिस्टर करतोय. तू येता-जाता कुणाला तरी सोबत घे.

सोमवारी, अठ्ठावीसला, तुझी तारीख आहे. मी कोर्टात येणार. माझ्याशी बोलू नकोस, ओळख दाखवू नकोस, पण मी सांगत असताना बाहेर जाऊ नकोस एवढंच.

अण्णाराव
('तुझा अप्पा' लिहिणार होतो. ते आता तू ठरव.)


कुर्डुवाडी,
गुरुवार, २४ एप्रिल २०२५

अप्पा,

पत्र मिळालं. अर्धं इथल्या दवाखान्यात ड्यूटीवर वाचलं, उरलेलं वाचायला दुसरा दिवस लागला.

हारूनला मी दारात काय बोलले ते तुम्ही ऐकलंत. त्यानंतर फोनवर जे बोलले ते तुम्हाला माहीत नाही. त्याच्या जातीपर्यंत गेले होते मी. ते तुम्ही माझ्या तोंडात घातलं नव्हतं, ते माझंच होतं. काल त्याला तीनदा फोन लावला. चौथ्यांदा त्यानं उचलला. दोघंही काही बोललो नाही. पण त्यानं फोन ठेवलाही नाही.

कामाचं लिहिते. रावजींचा फोन पुन्हा आला तर उचलू नका, तारीख-वेळ लिहून ठेवा आणि वकीलबाईंना कळवा. मी इथं एकटी नाही, हॉस्टेलमधल्या दोघी बरोबर असतात. सोमवारपर्यंत तुम्हीही घरात एकटे राहू नका, गुरम्माच्या मुलाला सोबतीला बोलवा. गोळी चुकवू नका. साडेदहाला कोर्टात हजर राहा. सारजाबाईंनाही मी निरोप पाठवलाय, त्या येतील का ते सांगता येत नाही.

तुम्हाला माफ केलं असं मी लिहीत नाही. तसं झालेलं नाही.

कोर्टात तुम्हाला विचारतील, असं का केलंत. तेव्हा 'मुलीसाठी केलं' असं म्हणू नका. माझं नाव मधे घेऊ नका. घाबरलो म्हणून केलं, आणि नंतर सोयीचं होतं म्हणून गप्प बसलो, एवढंच सांगा. पत्रात लिहिलंय तसंच, पण माणसांसमोर, मोठ्यानं.

मी पहिल्या बाकावर बसेन.

शिवलीला