पूर्वेकडे तोंड

३ डिसेंबर, बुधवार
आज सकाळी साडेसहाला वर्ग उघडला आणि सगळे बेंच एकट्याने फिरवले. आता विद्यार्थ्यांची तोंडं पूर्वेला. जुना काळा फळा पश्चिमेच्या भिंतीवर आहे, म्हणून इतकी वर्षं ती पश्चिमेला होती. फळ्यासाठी माणसं फिरवायची, हे मनाला पटत नव्हतं. पूर्वेच्या दोन खिडक्यांच्या मधे नवा व्हाइटबोर्ड लावून घेतला.
कंबर धरली आहे. समाधान आहे.
गावच्या शाळेत गुरुजी आम्हाला पूर्वेकडे तोंड करून बसवायचे. जे काही आलं, ते त्यामुळेच आलं.

५ डिसेंबर, शुक्रवार
वर्कशॉप. विषय: प्रौढ विद्यार्थ्यांच्या वेगवेगळ्या गरजा. जेवणाआधी 'ओळख', जेवणानंतर 'मदत'. मदत करणं माझ्या स्वभावातच आहे, म्हणून जेवून निघालो.
संकल्प: महिनाभरात प्रत्येकाची गरज ओळखायची. माझा वर्ग मोठ्या माणसांचा, दहावीचा. सकाळी साडेसात ते नऊ, सात रस्ता चौकाजवळ, वरच्या मजल्यावर. सगळे कामावर जाण्याआधी येतात. थकलेली माणसं. त्यांना ओळखणारा कोणी पाहिजे.

८ डिसेंबर, सोमवार
उपवास. सिद्धेश्वराला गेलो. सोमवारचा वर्ग शिवलीला मॅडम घेतात. पंचविशीच्या आहेत, नवीन आहेत. त्यांना म्हटलं, फक्त टेस्ट घेत जा. टेस्टला अनुभव लागत नाही.

९ डिसेंबर, मंगळवार
ओळख सुरू केली.
मायाप्पा टेम्पो चालवतो. फळ्याकडे बघताना डोळे बारीक, कपाळाला आठ्या. एकाग्रता नाही.
शांतम्मा खाणावळ चालवतात. उतरवून घेताना आकडे चुकतात. गणिताची भीती. शिवाय डोळ्यांवर आडवा हात धरून बसतात. कारण विचारलं, तर म्हणाल्या, "बसलिंगप्पा सर, ऊन बघायला फी भरली व्हय आमी?" वर्ग हसला. सूर्यनारायण समोर असणं भाग्याचं आहे, असं समजावलं. शांतम्मा कानडीत काहीतरी पुटपुटल्या. मला कानडी येतं. लिहीत नाही.
केराबाईंचं अवघड आहे. त्रेचाळीस वर्षं वय. माहेरी, सासरी मेंढरंच. आता एका दवाखान्यात झाडलोट करतात. मार्चमध्ये दहावी पास झाल्या तर तिथं कायम होतील, नाहीतर जागा दुसऱ्या बाईला. विचारलेलं एक आणि उत्तर दुसरंच. आकलन मंद, असं लिहून ठेवलं.
फरशीवर ओरखडे दिसले. शिपायाला विचारायचं.

१६ डिसेंबर, मंगळवार
मॅडमनी कालच्या टेस्टचे पेपर दिले. सगळे पास. केराबाईसुद्धा, चांगल्या मार्कांनी. गेल्या सोमवारीही असंच झालं होतं. आणि माझ्या गुरुवारच्या टेस्टमध्ये निम्मा वर्ग नापास.
बराच वेळ विचार केला. सोमवारी माझा उपवास असतो.
यावर कुणाशी बोलायचं नाही. अशा गोष्टी बोलून दाखवल्या की जातात.

१८ डिसेंबर, गुरुवार
आजपासून गुरुवारीही उपवास. पहाटे प्रत्येकाच्या जागेवर बेलाचं पान ठेवलं. टेस्ट घेतली. केराबाई नापास. मायाप्पा नापास. शांतम्मांनी पान वहीत खूण म्हणून घातलं.
शिकवताना मलाच घेरी आली.
गुरुवार हा सिद्धेश्वराचा वार नाही, हे लक्षात यायला हवं होतं.

२३ डिसेंबर, मंगळवार
वर्ग सुटल्यावर केराबाई थांबल्या. म्हणाल्या, "सर, मला ह्या डाव्या कानानं ऐकू येत न्हाय. ल्हानपणी ताप आल्ता. त्यात हॉर्न लई वाजत्यात समोर. जागा बदलू का?"
मी म्हणालो, ऐकायचं असतं ते मनाने. आणि जागा बदलून विद्या येत नाही, एका जागी स्थिर बसायला शिका.
त्या "बरं" म्हणाल्या. पटलं असावं.
जुन्या काळ्या फळ्यावर खडूचे डाग. कोण खडू वाया घालवतं कळत नाही. ओरखडेही वाढलेत. शिपाई म्हणतो, मला ठाऊक न्हाय, आणि माझ्याकडे न बघता झाडतो.

१ जानेवारी, गुरुवार
संकल्प: ओळख पुरी करायची, मग मदतीला लागायचं. रोज भिजवलेले बदाम खायचे (मी). चिडायचं नाही.
बदाम भिजवायचे राहिले.

८ जानेवारी, गुरुवार
मायाप्पाला समोर उभं करून बोर्डवरचं वाचायला लावलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. भावुक स्वभाव दिसतो. ही त्याची खरी गरज असेल. लिहून ठेवलं.
केराबाईंना प्रमेय विचारलं. त्यांनी तारीख सांगितली. कोणी हसलं नाही. मीच थोडा चिडलो. मग वाईट वाटलं. मग तेही गेलं.

१३ जानेवारी, मंगळवार
कालची टेस्ट: केराबाई वर्गात पहिल्या.
सोमवारचा उपवास निर्जळी करावा का? डॉक्टरांना विचारायला नको, नाहीच म्हणतील.
उद्यापासून गड्ड्याची, सिद्धेश्वराच्या जत्रेची सुट्टी.

१७ जानेवारी, शनिवार
मार्चला कोणाकोणाला बसवायचं, ते संस्थेला सोमवारपर्यंत कळवायचं आहे. केराबाईंचं नाव वगळून रिपोर्ट तयार केला. सोमवारचे मार्क धरले नाहीत, कारण ते त्यांचे नाहीत. परीक्षेचे सगळे पेपर सोमवारी येणार नाहीत.
जागा जाईल. पण नापासाचा शिक्का बसण्यापेक्षा पुढच्या वर्षी तयारीने बसणं बरं. त्यांच्या भल्याचंच आहे.
दोनदा वाचला. काही वाटलं नाही.

१९ जानेवारी, सोमवार
देवळातून परस्पर रिपोर्ट द्यायला संस्थेत गेलो. ऑफिस वर्गाच्या खालीच आहे. साहेब आले नव्हते. हातात प्रसाद होता. म्हटलं, वर देऊन यावा.
बेंच फिरवलेले होते. सगळ्यांची तोंडं पश्चिमेला. शिवलीला मॅडम जुन्या काळ्या फळ्यावर लिहीत होत्या. खिडकीतलं ऊन मुलांच्या पाठीवरून (मुलं कसली, म्हणायची सवय) सरळ फळ्यावर पडलं होतं. केराबाई पुढच्या बेंचवर डाव्या टोकाला. मॅडम त्यांच्या उजव्या बाजूला. मॅडम विचारत होत्या, केराबाई सांगत होत्या. प्रमेय. पूर्ण.
मला बघून कोणी दचकलं नाही. मायाप्पा म्हणाला, "या की सर. मागं जागा हाय."
मागच्या बेंचवर बसलो. फळा स्पष्ट दिसत होता.
वर्ग सुटल्यावर शांतम्मांना विचारलं, हे कधीपासून. "पयल्या सोमवारपासनं. मायाप्पा फिरवतो, जाताना परत तुमच्यासारखं करून ठेवतो. तुमाला वाईट वाटू नये म्हणून की."
मॅडमना विचारलं, तुम्ही यांच्या गरजा कशा ओळखल्या? त्या वर्कशॉपला नव्हत्या. म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी विचारलं सर, कोणाला काय अडतंय. त्यांनी सांगितलं."
एवढंच?
"हो सर."
सगळे गेल्यावर केराबाईंच्या नेहमीच्या जागेवर, पूर्वेकडे तोंड करून बसून पाहिलं. ऊन बरंच वर आलं होतं, तरी व्हाइटबोर्डाच्या जागी नुसता अंधार दिसला. खालून हॉर्न. डाव्या कानावर हात दाबून पाहिलं. मग काढला.
गावच्या शाळेसमोर मोठा कडुलिंब होता. सकाळचं ऊन तो अडवायचा. हे इतक्या वर्षांत आठवलं नव्हतं.
प्रसाद द्यायचा राहिला.
खाली साहेब आले होते. रिपोर्टमध्ये केराबाईंचं नाव हाताने घातलं, सगळ्यांत वर. ते म्हणाले, खाडाखोड नको होती. म्हटलं, आहे तशी असू द्या.

२० जानेवारी, मंगळवार
सकाळी साडेसहाला वर्ग उघडला आणि बेंच फिरवले. पश्चिमेकडे. मायाप्पा लवकर आला होता, त्याने दुसरं टोक धरलं. बेंच ओरखड्यांवर बरोबर बसले.
केराबाई न विचारता डाव्या टोकाला बसल्या.
शिकवताना आता माझं तोंड पूर्वेला येतं. ऊन थेट डोळ्यांत. मायाप्पाने विचारलं, "दिसतंय का सर?" म्हटलं, थोडं थोडं.
कपाळाला आठ्या पडल्या असाव्यात.