अकरा लाल नोटा

गोडदेव, भाईंदर (पूर्व)
६ फेब्रुवारी

प्रिय प्रणयदादास सुरुचीचा नमस्कार.

जी नोट आज जगातल्या एकाही दुकानात चालत नाही, ती खरी म्हणायची की खोटी? मी अर्थशास्त्रात बी.ए. केलं, घरातली पहिली पदवीधर म्हणून माझा फोटो टीव्हीच्या वर लावलाय, आणि मला याचं उत्तर येत नाही. (बाबा तो फोटो उतरवायचं बोलतायत.) तिकडे बहरीनला, मनामा शहरात, तुझी तब्येत कशी आहे? दुकानातल्या एसीने धरलेली पाठ सुटली का? इकडे सगळे बरे आहेत, फक्त मी पंधरा दिवस एका जागी बसलेली नाही. हे पत्रसुद्धा तीन खोल्यांत फिरून लिहितेय. (घरात दोनच आहेत. तिसरी म्हणजे जिना.) फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र.

माळ्यावर बिस्किटांच्या डब्यात शिवदास आजोबांच्या अकरा नोटा सापडल्या, हे तुला ठाऊक आहे, कारण 'दुकानात येणाऱ्या एका हौशी माणसाला हव्यात, लवकर पाठव, भरपूर देईल' हे तू तेरा वेळा कळवलंयस. पण त्यांची गोष्ट तुला अर्धीच ठाऊक असणार. ती तुमच्याकडे कोणी काढत नाही आणि आमच्याकडे कोणी विसरत नाही. आजोबा मिठागरातलं काम सोडून बहरीनला गलबतं दुरुस्त करायला गेले होते. परत आल्यावर, साठ वर्षांपूर्वी, तुझ्या आईच्या, म्हणजे आमच्या पुष्पलता आत्याच्या लग्नात त्यांनी दहा-दहाच्या अकरा नोटा आहेराच्या ताटात ठेवल्या. तुझ्या बाबांच्या वडिलांनी एक उचलून गॅसबत्तीसमोर धरली. नाव रिझर्व्ह बँकेचं, सिंह आपलेच, मागे शिडाचं गलबतही आपलंच, पण रंग लाल. "व्याही, ही न्हाय चालायची," म्हणून भर मांडवात ताट परत. तेव्हापासून आम्ही 'लालनोटे'. आजही गावात लग्न असलं की आमच्या घरातून पाकीट जात नाही, स्टीलचा डबा जातो. (डबा कोणी उजेडात धरत नाही. तरी शेजारच्या उर्मिलावहिनी झाकण वाजवून बघतात.)

मला हे सहन होईना. वाचनालयात चार दिवस बसले तेव्हा कळलं, की बहरीन बेटावर पूर्वी आपलाच रुपया चालायचा. लोक त्या रुपयांनी सोनं घ्यायचे, ते चोरून इकडे आणायचे, आणि तिकडे साठलेले रुपये बदलून देता देता आपल्या सरकारचं परकीय चलन आटायचं. म्हणून १९५९ साली रिझर्व्ह बँकेनेच आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा छापल्या, नंबरापुढे झेड अक्षर घालून. तिकडे बाजारभर चालणारी नोट इकडे पानवालासुद्धा घेईना. पुढे १९६५ला बेटाने स्वतःचा दिनार काढला, दहा रुपयांना एक. (शंभर फिल्सला, म्हणजे दिनारच्या दहाव्या भागाला, तिथले म्हातारे दुकानदार अजून रुपयाच म्हणतात, हे तर तूच सांगितलंस.) थोडक्यात, आजोबांनी खऱ्याच नोटा दिल्या, फक्त समुद्राच्या चुकीच्या बाजूला.

मग मी गावाला शहाणं करायला निघाले. आधी बँकेत गेले. कॅशियर म्हणाला, "मॅडम, ये कलर झेरॉक्स किसने दिया आपको?" आणि त्याने गार्डकडे पाहिलं. मी झेड दाखवलं. (त्यामुळे संशय वाढला.) तिथून सुटले ती आईच्या हळदीकुंकवात चाळीस मिनिटं व्याख्यान दिलं, आणि वाण म्हणून माहितीचा कागद लॅमिनेट करून वाटला. उर्मिलावहिनींनी तो उलटसुलट करून विचारलं, "ते समदं बराबर हाय गो, पन वाण कवा देनार?" सध्या त्यांच्याकडे त्यावर चहाचे कप ठेवतात.

शेवटी आत्या राहिली. तिच्यासमोर मी आखाताचा नकाशा पसरला. ती म्हणाली, "नकाशा ठेव गो. माझा बापूस खरा व्हता का न्हाय, यवढंच सांग."

"खरा," मी म्हणाले.

"मंग साठ वरसं मी त्या घरात मान खाली घालून भाकऱ्या कशाला भाजल्या?"

मी नकाशाची घडी घातली.

तेव्हापासून येरझाऱ्या चालल्यात. नोटा विकल्या तर तू खूश, तुझा हौशी माणूस खूश, बाबांचा गळका माळा दुरुस्त. न विकल्या तर पुन्हा बिस्किटांचा डबा. तू मोठा आहेस, काय करू ते सांग. तुझ्या सल्ल्याची वाट बघतेय.

तुझी धाकटी बहीण,
सुरुची

ता. क. सल्ला पाठवू नकोस. खरं काम वेगळंच आहे. कोणी इकडे येणारं असेल तर त्याच्यासोबत एक दिनारची एक नोट पाठव. तीही लालच असते म्हणे. उर्मिलावहिनींच्या मुलीचं लग्न ठरलंय, आणि या वेळी आमच्याकडून पाकीट जाणार आहे.

ता. क. २. त्या हौशी माणसाला नाही म्हणून सांग. नोटा आता माझ्याकडे नाहीत, हव्याच असतील तर तुझ्या आईकडे माग. पत्र टाकायचं राहिलं होतं, तेवढ्यात सोमवारी संध्याकाळी मी अकराही पाकिटात घातल्या, वर कुंकवाचं बोट लावलं, आणि काशीमीऱ्याला तुमच्या घरी जाऊन आमच्याकडचा राहिलेला आहेर म्हणून तुझ्या बाबांच्या हातात दिल्या. त्यांनी सवयीने एक काढून ट्यूबलाइटसमोर धरली. आत्या उठली, तिने बटण बंद केलं, आणि म्हणाली, "घ्या." त्यांनी अंधारातच पाकीट खिशात घातलं.