बाबाही त्याच पार्टीला होता ना?

मी ड्यूटीवर चालले आहे. मुली चारला शाळेतून येतील, तेव्हा त्यांच्याशी तूच बोल. त्यांच्या चित्रकलेच्या बाईंना ज्या गाडीने उडवलं, ती तुमच्या ऑफिसातला स्टोअरकीपर ऑफिसच्या पार्टीत पिऊन चालवत होता, हे त्यांना शाळेत कळलं आहे. काल धाकटीने विचारलं, "बाबाही त्याच पार्टीला होता ना? मग तो गाडी चालवत कसा आला?" मी म्हटलं, "बाबा पीत नाही गं." थोरली उठून आत निघून गेली.

तू म्हणतोस, नुसतं सरबत घेतलंस आणि लवकर निघालास. मग तोंडाला पेपरमिंटचा एवढा वास कशाला? आणि आपली गाडी अर्धी फुटपाथवर कशी? तो स्टोअरकीपर गाडीत बसला तेव्हा तू तिथेच होतास का, हे मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तू विषय बदललास.

आता मला उत्तर नको. त्या दोघींना दे, आणि खरं दे. गाडीची किल्ली मी घेऊन जाते आहे. सकाळी थोरली म्हणाली, "आई, मी बाबाच्या गाडीत बसणार नाही." मी तिला रागावले नाही. बरं, म्हटलं.