सरांची उल्का आणि आमचा पाव

ती. भाऊसाहेब यांच्या सेवेशी, पीठ झटकलेल्या हातांनी सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. तुमची कंबर आता सरळ झाली असेल, वहिनींचा खोकला गेला असेल आणि धाकटीची परीक्षा तिच्यापेक्षा परीक्षकांनाच जड गेली नसेल अशी आशा करतो. इकडे सगळे खुशाल आहोत. भट्टी पेटते, पाव फुगतो, आणि तुमची बहीण हल्ली दिवसातून एकदाच चिडते (पूर्वीचं प्रमाण तुम्हाला ठाऊक आहेच). तुम्ही लिहिलंत की बाबांना आता कायमचं तिकडे न्यायचं मनात आहे, चौदाव्या मजल्यावरची खोली रंगवून तयार आहे, तर आमचं मत काय. हे फोनवर सांगितलं असतं, पण आमच्या घरात फोन वाजला की तो तुमच्या बहिणीच्या हातात जातो आणि माझ्या वाट्याला शेवटचं 'बरं, ठेवू का' एवढंच उरतं. म्हणून सविस्तर लिहितो. आधी सगळं वाचा आणि मगच तुमच्या तीर्थरूपांना न्यायचं की नाही ते ठरवा. नंतर 'मेहुण्यांनी आधी सांगितलं नाही' असं व्हायला नको.

तुमचे बाबा, म्हणजे आमच्या गल्लीचे सर (शाळा सुटली तरी माणूस सरच राहतो, मीही त्यांना सरच म्हणतो), गेल्या हिवाळ्यापासून आमच्या बेकरीच्या गच्चीवर झाडू मारतात. हे ऐकून तुम्ही माझ्यावर डोळे वटारण्याआधी सांगतो की झाडू मारायला मी सांगितलेलं नाही. उलट मी तो दोनदा लपवून ठेवला. सरांच्या म्हणण्याप्रमाणे आकाशातून पृथ्वीवर सतत बारीक धूळ पडत असते, ती गच्चीवर साचते आणि पावसाच्या पाण्याबरोबर पन्हळीत येते. मग सर लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्या कचऱ्यातून फिरवतात, जे चिकटेल ते धुतात, वाळवतात आणि भिंगाखाली तासन् तास बघतात. त्यातला एखादा कण मोहरीहूनही बारीक, गोल आणि काळा निघाला की गिऱ्हाइकं ताटकळत असली तरी मला गल्ल्यावरून उठून तो बघायला जावं लागतं. मला आजवर त्यात काळ्या ठिपक्यापलीकडे काही दिसलेलं नाही. पण 'वा' म्हणायला आपलं काय जातं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी तक्रार केली नसती. पण धूळ झाली, आता तिच्यावर बसून कोण येतं हा सरांचा पुढचा प्रश्न. उल्का पडताना वरून जळते, पण पोटातून थंडच राहते. सूक्ष्मजंतू वाळून निपचित पडले की वर्षानुवर्षं तग धरतात. मग दुसऱ्या एखाद्या ग्रहावरून उडालेल्या दगडाच्या पोटात बसून ते इथवर का येऊ नयेत? कदाचित पहिला जीव इथे असाच आला असेल आणि आपण सगळेच मूळचे बाहेरगावचे असू. हे सर कोणाला सांगतात, तर सकाळी घाईत पाव न्यायला आलेल्या माणसाला. तुमच्या बहिणीचं यावर एकच म्हणणं आहे. लाखो वर्षं उपाशीपोटी प्रवास करून आलेला पाहुणा आधी जेवायला मागेल, आणि तेव्हा सगळे तिच्याकडे बघतील.

तर एके दिवशी सकाळी सर गच्चीवरून खाली आले ते हातात तुमच्या बहिणीचे भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवून आणि माझ्या धुतलेल्या टॉवेलात काहीतरी गुंडाळून. आत मुठीएवढा काळा दगड होता, वरून तुकतुकीत, लोहचुंबकाला चिकटणारा. कोणी हात लावायचा नाही, त्यावर श्वाससुद्धा सोडायचा नाही, अशी ताकीद मिळाली (मी तोवर तो उचलून वजन करून पाहिला होता, पण हे मी बोललो नाही). मग घरातला कुकर गेला. सरांनी त्यात काचेच्या बरण्या उकळून निर्जंतुक केल्या, पिठाचं पातळ पाणी उकळून त्यांत भरलं, कानशीने दगडाचा वरचा थोडा भुगा पाडून एकेका बरणीत टाकला आणि वर स्वच्छ फडकं बांधलं. आता या पाहुण्यांना जागं व्हायला ऊब हवी. आमच्या घरात सर्वांत उबदार जागा कोणती, तर भट्टीच्या पाठची खोली, जिथे आम्ही पीठ फुगायला ठेवतो आणि जिथे आमच्या खमिराच्या बरण्याही, अशाच काचेच्या, असंच फडकं बांधून ओळीने मांडलेल्या असतात. पुढचं तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नव्हतं.

बरण्यांना फेस आला. सर मला हाताला धरून आत घेऊन गेले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "जावईबापू, कोणीतरी आलंय." खरं सांगतो भाऊसाहेब, माझ्याही अंगावर काटा आला. मुलगी झाली तेव्हा दवाखान्याच्या दारात नर्सने मला जे सांगितलं होतं, त्याच सुरात ते बोलले. त्या दिवशी सरांनी जेवताना दोनदा वाढून घेतलं आणि तुमच्या बहिणीनेही कुकरचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांतली एक बरणी जागेवर नव्हती. आमच्या मोठ्या कारागिराने ती खमीर समजून पिठात ओतली होती, पीठ मळलं होतं, पाव भाजले होते आणि मी ते विकलेही होते. सरांच्या तोंडचं पाणी पळालं. कारागीर मात्र खुशीत होता, कारण म्हणे पाव एवढा सुरेख कधी फुगला नव्हता. भाजताना जंतू मेले असतील, असं मी म्हणून पाहिलं. त्यावर जे उल्केतून येताना मेले नाहीत ते तुमच्या भट्टीत मरतील काय, असं उत्तर मिळालं. मला आमच्या भट्टीचा एवढा अपमान आवडला नाही, पण ती वेळ नव्हती.

मग आमची वरात निघाली. सर पुढे, मी मागे, आणि ज्यांनी ज्यांनी पाव नेला त्यांच्या दारोदारी जाऊन तब्येतीची चौकशी. कारण सांगायची सोय नव्हती. सकाळी पाववाला आणि त्याचा सासरा दारात उभे राहून 'पोट कसं आहे' विचारतात म्हटल्यावर लोकांचं पोट बरं असलं तरी बिघडतं. शिंप्याने सांगितलं की आज फार हलकं वाटतंय. सरांनी ताबडतोब त्याला खुर्चीत बसवून नाडी बघितली, कारण हलकं वाटणं हे त्यांच्या मते वाईट लक्षण होतं. केशकर्तनालयात न्हाव्याला उचकी लागली होती. तिथे आम्ही ती थांबेपर्यंत बसलो, आणि नुसतं बसणं बरं दिसेना म्हणून मी दाढी करून घेतली, उचकी लागलेल्या न्हाव्याकडून (माझ्या हनुवटीची खूण तुम्हाला फोटोत दिसेल). कोपऱ्यावरच्या निवृत्त नर्सबाईंनी तर सरळ विचारलं की काय घातलंत त्या पावात, आणि सर खरं सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात मी त्यांचा सदरा ओढला. बाईंनी उद्यासाठी दोन पाव जास्त सांगितले. घरी आलो तर तुमची बहीण उभ्या उभ्या त्याच पावाचा तिसरा तुकडा खात होती. तिला वाट्टेल त्या ग्रहावरचा जंतू चावला तरी पस्तावेल तो जंतूच, हे मी मनात म्हटलं.

कोणालाही काही झालं नाही. पण सर त्या दिवसापासून जरा गप्प झाले. त्याच आठवड्यात तुम्ही सरांसाठी काढलेलं तिकीट आलं, तुमची बहीण ते बघून आत निघून गेली, आणि दुसऱ्या दिवशी सरांनी हातोडीने दगडाचे दोन तुकडे केले. एक स्वतःकडे ठेवला, दुसरा डब्यात घालून माझ्या हातात दिला आणि विद्यापीठात दाखवून या म्हणाले. त्यांचा गुडघा दुखत होता म्हणून भट्टी कारागिरावर सोपवून मीच दिवसभराचा बसप्रवास केला. तिथल्या प्राध्यापिका बाईंनी दगड तपासणीसाठी ठेवून घेतला आहे. काम बारकाईचं असल्याने निकाल यायला वर्षभर तरी लागेल, आणि निकाल येईपर्यंत आपल्याला इथून हलता येणार नाही असं सरांचं म्हणणं आहे. दुसरीकडे तुम्ही खोली रंगवली आहे. म्हणजे आमची अवस्था धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी आहे. तेव्हा सारासार विचार करून तुम्हीच काय ते ठरवा.

घरातल्या थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि जे अजून थोर की लहान ते ठरलेलं नाही त्या तुमच्या मोठ्या चिरंजीवांना दोन्हींतलं जे पटेल ते.

आपला,
पाववाला मेहुणा

ता. क. वरचा सगळा मजकूर सरांनी वाचून, लाल पेनाने तपासून परत दिला आहे, त्यामुळे त्यात खरं लिहिता आलं नाही. आता ते जरा पडले आहेत. भाऊसाहेब, प्राध्यापिका बाईंनी दगड ठेवून बिवून घेतलेला नाही. त्यांनी तो बोटांत एकदा फिरवला आणि विचारलं की तुम्ही काय व्यवसाय करता. बेकरी म्हटल्यावर चष्मा काढून हसल्या. तो दगड म्हणजे खंगर आहे, कोळसा जळताना त्यातली राख वितळून होतो तो. पावसाळ्यापूर्वी धुराडं साफ करणाऱ्याने भट्टीतली घाण गच्चीवर टाकून दिली होती, त्यातला. काखेत कळसा आणि विद्यापीठाला वळसा. आणि फेस? तो आमच्याच खमिराचा. त्या खोलीत नुसतं झाकण उघडलं तरी बरणी आंबते म्हणाल्या. पण बाई भल्या होत्या. म्हणाल्या, सरांचा प्रश्न वेडा नाही, मोठमोठे लोक त्याच्या मागे आहेत आणि त्यांचीही अडचण नेमकी हीच आहे. दगड पडला रे पडला की आपल्या इथलेच जंतू त्यावर गर्दी करतात, मग पाहुणा कोण आणि घरचा कोण हे सांगता येत नाही.

मी परतलो तेव्हा सर दाढी करून, धुतलेला सदरा घालून बेकरीच्या पायरीवर बसले होते. वाटभर मी घोकत आलो होतो, सर, तो खंगर निघाला. त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंडातून निघालं की ठेवून घेतलाय, वर्ष लागेल. आता स्पष्टच लिहितो. त्यांना नेऊ नका. तुमच्याकडे खोली आहे, लिफ्ट आहे, सगळं आहे, पण तुमच्या डोक्यावर आणखी सहा मजले आहेत, सरांनी झाडायची गच्ची कुठली? आणि मला त्यांची सवय झाली आहे. माझे वडील मी लहान असताना गेले. भल्या पहाटे भट्टी पेटवताना कोणीतरी जागं असतं, काहीतरी विचारतं, हे मला या वयात पहिल्यांदाच मिळालंय. तुमची बहीणही तिकीट आल्यापासून आवाज चढवत नाही, आणि ते मला तिच्या चिडण्यापेक्षा जड जातंय. तेव्हा कृपा करून तिकीट रद्द करा आणि सरांना असं कळवा की निकाल लागल्याशिवाय येऊ नका, विज्ञानाचं नुकसान होईल. वर्षभराचं पुढे बघू.

ता. क. चा ता. क. पाकीट चिकटवायला मी चुकून सरांकडेच दिलं. त्यांनी वरचा ता. क. वाचला. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं. मग म्हणाले, "जावईबापू, खंगराला आतून बुडबुडे असतात. उल्केत ते नसतात. फोडला तेव्हाच दिसलं मला."

मी विचारलं की मग दिवसभर धक्के खायला मला कशाला पाठवलंत.  सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोराने हौसेने खोली रंगवलीय. मला इथेच बरं वाटतं हे त्याला कुठल्या तोंडाने सांगू? तपासणी चालू आहे म्हटलं की कोणाला वाईट वाटत नाही."

 मी नवं पाकीट आणायला उठलो, तेव्हा त्यांनी पुन्हा हाक मारून सांगितलं की एक वर्ष फार कमी होतं, खऱ्या तपासणीला तेवढ्यात काही होत नाही, ते दुरुस्त करा. तरी वरच्या मजकुरात 'वर्षभर' असेल तिथे कृपया 'दहा वर्षं' असं वाचावं.